मद्यसेवनाचे अर्थकारण व मद्यनियंत्रण

मद्याचे उत्पादन, विक्री व सेवन यांमुळे व्यक्ती, कुटुंब आणि शासन यांच्या आर्थिक व्यवहारांवर होणारे परिणाम, तसेच मद्यसेवन कमी करण्यासाठी शासनाने योजलेले कर, किंमतनियंत्रण, परवाने, बंदी इ. उपाय यांचा विचार या विषयात केला जातो. मद्य ही बाजारात विकली जाणारी वस्तू असली, तरी अन्य उपभोग्य वस्तूंहून ती पुष्कळ वेगळी आहे. तिची सवय जडते. तिच्या सेवनाची किंमत पिणाऱ्याखेरीज इतरांनाही मोजावी लागते. आणि तिच्या विक्रीत शासन हेच बहुधा सर्वांत मोठे वाटेकरी असते. यांपैकी पहिल्या दोन बाबींची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनी विस्ताराने केली आहे. तिसरीची चर्चा त्या मानाने कमी झाली. परंतु मद्यविषयक धोरणांचे यशापयश मुख्यतः तिच्यावरच अवलंबून राहिल्याचे दिसते.

मागणीचे स्वरूप : व्यसनी माणूस किंमत पाहत नाही, हा समज सर्वत्र रूढ आहे. तो अंशतःच खरा आहे. निरनिराळ्या देशांतील शंभरांहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार किंमत १० टक्क्यांनी वाढल्यास बिअरचा खप सु. ४.६ टक्क्यांनी, वाइनचा सु. ६.९ टक्क्यांनी आणि ऊर्ध्वपातित (गाळलेल्या) मद्यांचा सु. ८ टक्क्यांनी घटतो. अतिमद्यपींच्या बाबतीत ही घट सु. २.८ टक्के इतकीच आढळते. म्हणजे व्यसनीही किमतीला प्रतिसाद देतो, परंतु तो मंद असतो. गॅरी बेकर व केव्हिन मर्फी यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे सवयीच्या वस्तूंच्या बाबतीत आजचे सेवन कालच्या सेवनावर अवलंबून असते. त्यामुळे किमतीचा परिणाम अल्पकाळापेक्षा दीर्घकाळात अधिक दिसतो. व्यसनी मनुष्य पूर्ण विचारान्ती व्यसन पत्करतो, हे त्यांचे गृहीतक मात्र फारसे पटणारे नाही.

वरील आकड्यांतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. किंमत ज्या प्रमाणात वाढते, त्याहून खप कमी प्रमाणात घटत असल्यामुळे मर्यादित करवाढीने सेवन उतरते आणि महसूल मात्र वाढतो. ‘आरोग्य की महसूल’ असा पेच निदान या टप्प्यावर तरी नसतो. खप वाढवून महसूल वाढविण्याचे उद्दिष्ट शासन स्वतःपुढे ठेवते, तेव्हा तो निर्माण होतो.

खर्चाचा भार : ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रानुसार एखाद्या व्यवहाराची झळ त्रयस्थांना लागत असेल, तर तेवढ्या रकमेचा कर लावून ती किमतीत समाविष्ट करावी. अपघात, गुन्हे, रुग्णालयांचा खर्च, बुडालेले कामाचे दिवस ही अशा झळीची नेहमीची उदाहरणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात मद्यामुळे सु. २६ लाख मृत्यू घडले. तथापि भारतासारख्या देशात या झळीचा मोठा भाग घराच्या उंबरठ्याच्या आतच राहतो व त्यामुळे तो हिशेबात येत नाही. पिणारे बहुतांश पुरुष असतात : २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांत मद्यसेवन करणाऱ्यांचे प्रमाण सु. १९ टक्के, तर स्त्रियांत १.३ टक्के आढळले. घरातील एकाने मजुरीतून दारूवर खर्च केला की धान्य, औषध व मुलांची फी यांना कात्री लागते, उधारी वाढते, आणि तूट भरून काढण्यासाठी स्त्रीला जादा मजुरी करावी लागते. याच पाहणीत, पती वारंवार नशेत असतो अशा विवाहितांपैकी सु. ७० टक्के स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसेचा अनुभव सांगितला. पती पीत नसलेल्यांत हे प्रमाण सु. २३ टक्के होते. पिणारा ‘स्वतःच्या पैशाने’ पितो, या युक्तिवादात कुटुंब हा एकच ग्राहक मानलेला असतो. प्रत्यक्षात खर्च करणारा एक आणि तो भरणारे दुसरे असतात.

मुंबई इलाख्यातील अबकारी व्यवस्था : महाराष्ट्रातील मद्यधोरणाची घडण वसाहतकालीन अबकारी व्यवस्थेत झाली. पूर्वी ताडी, माडी व मोहाची दारू ही गावोगाव घरच्या घरी किंवा लहान भट्ट्यांतून तयार होई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने उत्पादन मोजक्या भट्ट्यांत एकवटण्याचे, झाडांवर कर बसविण्याचे आणि विक्रीचे मक्ते लिलावाने देण्याचे धोरण पक्के केले. उरण हे मोहाच्या दारूच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र होते. १८९२ च्या स्वतंत्र कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे व बाळगणे यांवरही निर्बंध आले. मोहाचे फूल हे आदिवासींचे टंचाईतील अन्नही असल्यामुळे या निर्बंधाची झळ दारूपुरती राहिली नाही. जी वस्तू झाडाखाली फुकट मिळे, ती मक्तेदाराकडून रोखीने किंवा उधारीने घेणे भाग पडले. उधारीची फेड मजुरीने किंवा जमिनीने करावी लागली. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत पसरलेल्या आणि महाराष्ट्राच्या सीमाभागाशीही संबंध असलेल्या ‘देवी’च्या चळवळीत आदिवासींनी दारू-ताडी सोडली, तेव्हा त्यांचा रोख धार्मिक शुद्धीइतकाच मद्यविक्रेत्या सावकार-जमीनदारांवरही होता.

मद्यापासून मिळणारे उत्पन्न हा प्रांतिक सरकारांच्या महसुलाचा एक प्रमुख आधार बनल्यामुळे दारूविरोध हा ओघानेच सरकारविरोधही ठरला. महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरातील मद्याच्या दुकानांच्या वाढीस लेखी विरोध केला. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने १९०८ मध्ये पुण्यात दुकानांवर निरोधने करण्यात आली. पुढे महात्मा गांधींनी मद्यनिषेधाला राष्ट्रीय कार्यक्रमात स्थान दिले.

दारूबंदी आणि पर्यायी कर : १९१९ च्या सुधारणांनुसार अबकारी खाते लोकप्रतिनिधींना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आले आणि शिक्षणासारखी खातीही त्यांच्याकडेच गेली. त्यामुळे शाळा काढावयाच्या तर दारूचा पैसा हवा, असा विचित्र पेच उभा राहिला. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, तेव्हा त्यांना या पेचाचे उत्तर शोधावे लागले. मद्रास प्रांतात चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात दारूबंदी केली व महसुलातील खोट भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला. भारतातील सर्वसाधारण विक्रीकराचा आरंभ अशा रीतीने दारूबंदीतून झाला, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या स्मरणात नसते. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी लागू झाली. तिच्यासाठी नागरी स्थावर मालमत्तेवर नवा कर बसविण्यात आला. त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, परंतु कर टिकला. बंदी मात्र मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर टिकली नाही. दारूबंदी पुढे अनेक ठिकाणी उठली, तरी तिच्यासाठी आणलेला विक्रीकर कायम राहिला, एवढेच नव्हे तर तो राज्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार झाला.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात, औषधी उपयोग वगळता मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्य करील, असे निदेशक तत्त्व घालण्यात आले. त्याच संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मानवी सेवनासाठीच्या मद्यावर अबकारी कर आकारण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. बंदीचा आदर्श आणि करांचा अधिकार अशा रीतीने एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांचे बहुतेक स्वतंत्र कर त्यात विलीन झाले. मानवी सेवनासाठीचे मद्य मात्र बाहेर ठेवण्यात आले. स्वतःच्या मर्जीने दर ठरविता येतील असे थोडेच करमार्ग राज्यांकडे उरल्यामुळे मद्यावरील त्यांचे अवलंबित्व वाढले. महाराष्ट्राला २०२२-२३ मध्ये राज्य उत्पादन शुल्कापासून वीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळाला. [⟶ अबकारी कर, दारूबंदी].

मुंबई राज्याचा अनुभव : १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १६ जून १९४९ पासून अंमलात आला व ६ एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. मोरारजी देसाई हे प्रथम गृहमंत्री व नंतर मुख्यमंत्री या नात्याने तिचे खंबीर पुरस्कर्ते होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात या कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांसंबंधीची काही कलमे मात्र रद्द केली. उघड दुकाने बंद झाल्याने पिणाऱ्यांची संख्या घटली असावी. तथापि सेवन मोजण्याचे साधनच बंदीबरोबर नाहीसे झाल्याने ही घट किती, हे नेमके सांगता येत नाही. मागणीचा उरलेला भाग हातभट्टीकडे वळला. काळा गूळ व नवसागर एवढ्या स्वस्त सामग्रीवर मुंबईच्या खाड्यांच्या काठी भट्ट्या चालू लागल्या. अवैध मालाच्या किमतीत कराऐवजी पकडले जाण्याच्या जोखमीचा आणि अधिकाऱ्यांना द्यावयाच्या हप्त्यांचा समावेश असतो. ग्राहक अधिक पैसे देतो, परंतु ते खजिन्यात पोहोचत नाहीत. धनिकांना प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळे, मजुराला शिक्षा होई. त्यामुळे कायद्याविषयीचा आदरही घटला.

१९६० नंतर महाराष्ट्राने परवान्यांच्या अटी क्रमाक्रमाने शिथिल केल्या आणि १९७३ च्या नियमांन्वये देशी दारूच्या परवानाधारक विक्रीची व्यवस्था लावली. कायदा मात्र रद्द झाला नाही. २०१२ पासून तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. मद्य बाळगण्यास व पिण्यास आजही परवाना लागतो आणि तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव मिळतो. कायद्याच्या भाषेत महाराष्ट्र हे अद्याप दारूबंदीचेच राज्य आहे.

कायदेशीर विक्रीमुळे विषारी दारूचे संकट मात्र संपले नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी शहरात परवानाधारक दुकाने चालू होती. गुजरातेत बंदी असताना अहमदाबाद येथे २००९ मध्ये असाच प्रकार घडला होता. बंदी हेच विषारी दारूचे एकमेव कारण नव्हे, तर कायदेशीर व बेकायदेशीर मालाच्या किमतींतील अंतर आणि तपासणीतील ढिलाई हीदेखील तितकीच महत्त्वाची कारणे आहेत.

इतर राज्ये : आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावी साक्षरता वर्गांतील स्त्रियांनी सुरू केलेली अरकविरोधी चळवळ १९९२ मध्ये राज्यभर पसरली. १९९३ मध्ये अरकावर व जानेवारी १९९५ मध्ये सर्व मद्यांवर बंदी आली. महसुलाच्या ओढीने १९९७ मध्ये ती शिथिल झाली. हरियाणातील बंदी १९९६ ते १९९८ एवढीच टिकली. बिहारने एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण बंदी केली. २०१९–२१ च्या पाहणीत १५ वर्षांवरील मद्यपी पुरुषांचे प्रमाण बंदी असलेल्या बिहारमध्ये १५.५ टक्के, तर परवाना-पद्धती असलेल्या महाराष्ट्रात १३.९ टक्के आढळले. यावरून बंदी निष्फळ ठरली, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु पूर्वीच्या पाहणीच्या तुलनेत बिहारमधील प्रमाण बरेच खाली आले होते, हे विसरून चालत नाही. शिवाय जेथे पिणे हा गुन्हा आहे, तेथे पाहणीत खरे उत्तर मिळण्याची शक्यता कमीच. तमिळनाडूने २००३ पासून किरकोळ विक्रीची मक्तेदारी सरकारी महामंडळाकडे घेतली. स्वीडनमध्ये अशीच मक्तेदारी १९५५ पासून आहे, पण तिचा हेतू खाजगी नफ्याची प्रेरणा काढून खप आवरणे हा आहे. तमिळनाडूत ती प्रामुख्याने उत्पन्नाचे साधन झाली. एकच संस्था दोन विरुद्ध हेतूंसाठी वापरता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

परदेशांतील अनुभव : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दारूबंदी (१९२०–३३) ही सर्वांत गाजलेली. यकृताच्या रोगाने झालेले मृत्यू, अटका इत्यादींवरून काढलेल्या अंदाजानुसार तेथील सेवन सुरुवातीस पूर्वीच्या सु. ३० टक्क्यांपर्यंत उतरले आणि पुढील काही वर्षांत ६० ते ७० टक्क्यांपर्यंत चढले. महामंदीत कराच्या उत्पन्नाची निकड भासू लागली, हे ती रद्द होण्याचे एक महत्त्वाचे कारण होते. डेन्मार्कने पहिल्या महायुद्धातील टंचाईत, १९१७ मध्ये, बंदीऐवजी गाळलेल्या मद्यावरील कर दहापटींहून अधिक वाढविला. सेवन झपाट्याने घटले, मद्यजन्य विकारही घटले आणि लोक बिअरकडे वळले. सोव्हिएट संघात मिखाइल गोर्बाचॉव्ह यांच्या १९८५ च्या मोहिमेने मृत्युमान घटले, पण खजिन्यात मोठी तूट आली, घरगुती गाळपामुळे साखरेची टंचाई झाली आणि मोहीम तीनेक वर्षांत ओसरली.

अलीकडचा लक्षणीय प्रयोग स्कॉटलंडचा होय. तेथील संसदेने २०१२ मध्ये संमत केलेला व न्यायालयीन लढ्यामुळे रखडलेला किमान किंमत कायदा १ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार ८ ग्रॅम शुद्ध मद्यार्काचे एक एकक मानून ५० पेन्सपेक्षा कमी किमतीस ते विकण्यास मनाई करण्यात आली. ३० सप्टेंबर २०२४ पासून ही मर्यादा ६५ पेन्स झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात सर्वस्वी मद्यामुळे होणाऱ्या मृत्यूंत सु. १३ टक्के घट झाल्याचा अंदाज देण्यात आला. सर्वांत स्वस्त मद्य अतिमद्यपीच अधिक घेत असल्याने हा उपाय नेमका त्यांच्यापर्यंत पोहोचतो. वाढीव किंमत मात्र खजिन्याऐवजी विक्रेत्याच्या खिशात जाते, हा त्याचा मोठा दोष होय. तसेच काही व्यसनी मद्य कमी न करता अन्नावरील खर्च कमी करतात, असेही आढळून आले.

महाराष्ट्रातील किमतींची रचना : वरील कसोटी महाराष्ट्रास लावून पाहता काही गोष्टी स्पष्ट होतात. येथील देशी दारू व ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ या दोहोंत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः सारखेच, म्हणजे आकारमानाने ४२.८ टक्के असते. १८० मिलि. च्या बाटलीत (बोलीभाषेत ‘क्वार्टर’) सु. ६१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. १० ग्रॅमचे एक प्रमाणित पेय धरल्यास ती सहा पेये होतात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शुल्कवाढ मंजूर केली, तेव्हा या बाटलीच्या किमान किरकोळ किमती देशी दारूसाठी ८० रु., धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गासाठी १४८ रु. आणि विदेशी मद्यासाठी २०५ रु. अशा जाहीर करण्यात आल्या. म्हणजे १० ग्रॅम मद्यार्कास देशी दारूच्या ग्राहकास सु. १३ रु., तर विदेशी मद्याच्या ग्राहकास सु. ३४ रु. पडतात. यकृताच्या दृष्टीने दोन्ही मद्यार्क सारखेच. देशी दारूवरील शुल्क मद्यार्काच्या प्रमाणावर, तर स्वस्त विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या पटीत (याच निर्णयाने तिपटीऐवजी साडेचार पट) आकारले जाते. देशीवरील शुल्क खाली ठेवण्यामागे ग्राहक हातभट्टीकडे वळू नये, असे कारण दिले जाते व ते निराधार नाही. परंतु स्वस्तात स्वस्त मद्यार्क राज्यातील सर्वांत गरीब कुटुंबांच्या दारात उपलब्ध राहतो, हाही त्याचाच परिणाम आहे.

या प्रश्नाला शेतीची बाजूही आहे. मळीपासून मद्यार्क हा साखर कारखान्यांच्या उत्पन्नाचा भाग असून, धान्यापासून मद्यार्क बनविणाऱ्या आसवन्यांना २००७ च्या धोरणान्वये प्रोत्साहन देण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय द्राक्ष उत्पादकांच्या हिताच्या नावाने झाला, पण तीव्र विरोधामुळे तो अंमलात आला नाही.

स्थानिक निर्णय : गाव किंवा प्रभाग पातळीवर मतदानाने दुकान बंद करण्याची तरतूद हे महाराष्ट्राच्या धोरणाचे वैशिष्ट्य होय. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात आणि एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस मिळाल्यास दुकान बंद होते. मतदानाच्या नव्हे, तर एकूण मतदारयादीच्या निम्मे, ही अट कठीण आहे. कामावर गेलेल्या किंवा स्थलांतरित मजूर स्त्रीचे न पडलेले मत येथे उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. शेकडो मतांची आघाडी असूनही ठराव पडू शकतो. तथापि खर्चाचा भार जिच्यावर पडतो, तिलाच निर्णयाचा अधिकार देणारी ही जवळजवळ एकमेव तरतूद आहे. जिल्हा पातळीवर वर्धा आणि १९९३ पासून गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये आलेली बंदी, अवैध विक्री वाढल्याच्या कारणास्तव, २०२१ मध्ये उठविण्यात आली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम चालू झाला. त्यात अंमलबजावणी, गावसंघटना आणि व्यसनींवरील उपचार यांची सांगड घातलेली आहे.

उपचारांची ही बाजू सर्वत्रच दुबळी आहे. पुणे येथे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्था आणि ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’चे स्वयंसहाय्य गट काम करीत असले, तरी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सु. १६ कोटी लोक मद्यसेवन करीत होते आणि मद्यावलंबी झालेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकास कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाला होता.